अंकुश, तुझा डावा कान

अंकुश, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी लेथवर होतो. मशीन बंद केलं, फोन खिशात टाकला आणि तुझ्या वाइसला, लोखंड आवळून धरायच्या शिकंज्याला, लाथ घातली. जमिनीत बोल्ट मारलेलं टेबल, त्यावर तो लोखंडी धोंडा आणि माझ्या पायात साध्या चपला. अंगठ्याचं नख मुळापासून उपटलं. रक्त बघून पठाण फोरमन धावत आला. "क्या हुआ?" मी म्हटलं, पायावर जॉब पडला. त्याने खाली बघितलं. खाली काहीच पडलेलं नव्हतं. तो पट्टी आणायला गेला.

आज पंधरा दिवस झाले. तुझ्या भावाने तिकडे नदीकाठीच तुला अग्नी दिला, गावी तेरावं केलं, लोक जेवून गेले. मी इथे बहरीनला, तुबलीत तुझ्या सामानाची पेटी भरतोय आणि तुला शिव्या घालतोय. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुझ्याबद्दल बोलत नाही, तुझ्याशी बोलतोय. तेव्हा ऐकून घे. ज्या कानाने ऐकू येत असेल त्या कानाने ऐक.

आपली ओळखच रक्ताने झाली. अकरा वर्षांपूर्वी मी या गराजमध्ये टर्नर म्हणून लागलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मला शाफ्ट घासायला वाइस हवा होता आणि वाइसच्या जबड्यात नखाएवढं काहीतरी अडकलेलं होतं, कोंबडीचं पीस बांधलेलं. मी कचरा समजून ओढलं आणि गळ माझ्या बोटात घुसला. गळाच्या टोकाशी उलटा काटा असतो, मासा सुटू नये म्हणून. देवगडच्या माणसाला हे कोणी शिकवायला नको. ओढला की मांस घेऊन येतो. मी तिथल्या तिथे तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तू वेल्डिंगची काच वर केलीस, माझा हात धरलास आणि गळ मागे ओढायच्या ऐवजी पुढे ढकललास. टोक कातडी फाडून दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. मग पक्कडीने तो उलटा काटा कापलास आणि उरलेला गळ सुळकन मागे काढलास.

"बघितलंस का लका," तू म्हणालास, "काटा नसता तर कवाच निघाला असता."

मी तुला तेव्हाच एक ठेवून द्यायला हवी होती. दिली असती तर कदाचित पुढची वाचली असती.

घाटावरच्या माणसाने कोकण्याला मासे धरायला शिकवावं, याहून मोठा अपमान माझ्या खानदानात कोणाचा झाला नसेल. माझा बाप किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढायचा. तू माण तालुक्यातला. तुमच्याकडे टँकर आला की ड्रायव्हरला ओवाळतात, असं मी रूमवर सगळ्यांना सांगायचो. वर तू माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मासा-मटण वर्ज्य, मी बांगडा तळायला घेतला की तू ताट घेऊन जिन्यात जाऊन बसायचास. आणि हा माणूस शुक्रवारी गळ टाकायला जातो. "माळ घालून गळ टाकतोस," मी म्हणायचो, "देव तुला कुठल्या रांगेत उभा करतो ते बघायला मी येणार आहे." तू आधी गेलास. रांग कळली असेल आतापर्यंत.

हे वेड तू हिमाचलातून आणलंस. तरुणपणी तिथल्या धरणाच्या कामावर वेल्डर होतास. गेस्ट हाउसचा चौकीदार ठाकूर नदीत ट्राउट धरायचा. गांडूळ नाही, कोळंबी नाही. नदीतल्या दगडांखाली जे किडे वाढतात त्यांची हुबेहूब नक्कल पिसांनी आणि केसांनी गळावर बांधायची आणि ती पाण्यावर अलगद सोडायची. माशाला वाटतो किडा, निघतो गळ. तू मासे बघायला गेलास आणि किड्यांच्या नादी लागलास. त्या नकलेला तू 'माशी' म्हणायचास. माशीने मासा, असं म्हणून स्वतःच हसायचास.

किड्याच्या चार अवस्थांना तू तुझी नावं ठेवली होतीस. दगडाखाली वर्षभर राहतं ते 'पोर'. एक दिवस पोर वर येतं, पाण्याच्या पातळीला लटकतं, पाठ फुटते आणि अर्धं अंग जुन्या कातड्यात, अर्धं बाहेर असं अडकून राहतं. तो 'अर्धवट'. सुटला की पंख फुटतात, मग तो 'नवरदेव', कारण त्याला खाताही येत नाही, लग्न लावायचं आणि मरायचं एवढंच काम. आणि लग्न उरकलं की पंख आडवे पसरून पाण्यावर पडतं ते 'मढं'.

"ट्राउट सगळ्यात जास्त कुणाला खातो सांग," तू विचारायचास. मी मुद्दाम चुकीचं सांगायचो.

"अर्धवटाला. त्येला वर उडता येत न्हाय आन् खाली बुडता येत न्हाय. माशाला ठाऊक असतंय."

हे सांगताना तुझा चेहरा उजळायचा. मला त्यात एवढंच दिसायचं, की बिचारा जन्माला येता येता चावून फोडला जातो. तुला ते कधी दिसलं नाही. किंवा दिसत असेल, आणि तेच तुला बघायचं असेल. हे तुला विचारायचं राहिलं.

बहरीनमध्ये ना नदी, ना ट्राउट. तुझी नदी वर्षातून तीन आठवडे, रजेपुरती. म्हणून तू लोणच्याच्या बरणीत डासांच्या अळ्या पाळल्यास. डाससुद्धा असाच पाण्यातून पाठ फोडून निघतो, तुला तो क्षण नीट बघायचा होता. सहा माणसांच्या खोलीत, पलंगाखाली, डास. त्यातला एक जण आठवडाभर तापाने फणफणत होता. त्यांना बरणी सापडली आणि चौघांनी तुला पलंगावरून खाली ओढला. मी खालून शाफ्टचा तुकडा घेऊन आलो तोवर तुझी भुवई फुटली होती आणि दात ओठात रुतला होता. मी एकाच्या मनगटावर शाफ्ट घातला. हाड वाजल्याचा आवाज आला. बाकीचे तिघे भिंतीला लागले. तुला उचलायला वाकलो तर तू फरशीवर पालथा पडून फुटलेल्या बरणीच्या पाण्यात बघत होतास.

"बाळ्या, हलू नगंस," तू म्हणालास. "एक अर्धवट हाय हितं."

मीही गुडघ्यावर बसलो. चमचाभर पाण्यात एक डास आपल्याच जुन्या कातड्यावर उभा होता, होडीत उभं राहिल्यासारखा, आणि ओले पंख हलवत होता. तुझ्या भुवईतलं रक्त त्याच्या शेजारी टपटपत होतं. मी तो डास चपलेने चिरडला. दोन दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. त्या चौघांशी संध्याकाळीच बोललास.

माझा हात आधी चालतो आणि डोकं नंतर. हे मी लपवत नाही. बापाने मला रापणीच्या ओल्या दोराने फोडलं आणि मला वाटायचं आपण तसे नाही. तसेच आहोत. पण याच हातांना तू मांजराचा एक केस चिमटीत धरायला शिकवलास, तेही लिहायला हवं. आयुष्यभर मी लोखंड सोललं. तुझ्यामुळे मी लेथवर पेन्सिलीएवढी चिमटी बनवली, मोठ्या वाइसमध्ये धरून तिच्यात तांदळाएवढा गळ पकडता येईल अशी. ती तुला दिली तेव्हा तू उलटसुलट करून बघितलीस आणि डोक्याला लावलीस. माझ्या कुठल्या कामाला कोणी असं डोक्याला लावलेलं मला आठवत नाही.

मग आपण दोघं बांधायला लागलो. जळालेल्या मोटरीतली केसासारखी तांब्याची तार, खाटकाकडची कोंबड्याच्या मानेची पिसं, गराजमधल्या भुऱ्या मांजराच्या शेपटीचे केस. काठी आणि दोरी जुफैरच्या एका गोऱ्याची. त्याच्या बाल्कनीची जाळी तू वेल्ड करून दिलीस आणि देश सोडताना त्याने ती तुला देऊन टाकली. इथल्या समुद्रात तुझे किडे नव्हते, तर तू म्हणालास, कोळंबी घेऊ. कोळंबीपण कात टाकते, कात टाकल्यावर तासभर लोण्यासारखी मऊ असते, पळता येत नाही, मासा तेव्हाच तिला गाठतो. समुद्रात जन्म काढलेल्या माझ्या बापाला हे माहीत नव्हतं. टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या तुला माहीत होतं. मला फार राग आला होता.

पण आपलं खरं भांडण वेगळंच होतं. तू प्रत्येक गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करायचास. मासा लागला की ओढायचास, पाण्यातच हातात धरायचास, गळ सोडवायचास, प्रवाहाकडे तोंड करून त्याचा दम परत येईपर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवायचास आणि सोडून द्यायचास. मला ते बघवायचं नाही. मी म्हणायचो, पोटासाठी मारणं पाप नाही, पण खायचा नाही तर टोचतोस कशाला? ही काय चेष्टा आहे? माझ्या बापाने मारलेला प्रत्येक मासा कोणाच्या तरी ताटात पडला. तू म्हणायचास, "मला मासा नगं. माझ्या हातनं झालेली माशी त्येला खरी वाटली का, एवढंच बघायचंय. मारायचं कशाला त्येच्यापायी?" मी म्हणायचो, त्याच्या तोंडात खिळा ठोकून तू त्याला विचारतोस, माझं काम कसं वाटलं. तू हसायचास. एवढं कडू बोललं तरी हसायचास, त्याने माझं टाळकं आणखी फिरायचं.

आणि मग अस्करच्या किनाऱ्यावरचा तो शुक्रवार.

उन्हाळा चढायच्या आधीचे दिवस. सकाळची वेळ, पाणी गुडघ्याएवढं, मागे कारखान्याची धुराडी. माझी माशी, मी स्वतः बांधलेली, नुकतीच कात टाकलेली कोळंबी, मागचा अर्धा भाग कातीत ठेवलेला. समुद्रातला अर्धवट. तीन वर्षांत मला माझ्या माशीवर एकही मासा लागला नव्हता. त्या सकाळी शेरी लागली, इथला चवीचा मासा. काठी कमान झाली, तंगुसाची दोरी बोटं कापत गेली, मी वेड्यासारखा ओरडत होतो. वीस मिनिटं. शेवटी ती बाजूवर पडून आली. हाताएवढी, पोट टम्म. मला दिसलं ते सरळ तव्यावर दिसलं. गाबोळी. कोकणात माशाच्या या अंड्यांवरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी बघितलंय.

तू माझ्याआधी तिच्यापाशी पोचलास. मी तंगूस गुंडाळत होतो. तू वाकलास, गळ सोडवलास, पोटावरून हात फिरवलास, म्हणालास, "अंडी हायेत रं," आणि हात उघडलेस.

ती शेपटी मारून गेली. पाणी माझ्या तोंडावर उडालं.

"माका इचारलंस?" मी म्हणालो.

"पोटुशी हुती, बाळ्या."

"मेल्या, गाबोळी होती ती. माझी होती. अर्धवटा."

आणि मी हात फिरवला. ओला, पसरलेला, खांद्यापासून. तुझ्या डाव्या कानावर बसला. आपल्याकडे म्हणतात, कानाखाली आवाज काढीन. आवाज निघाला. तू पाण्यात बसलास, पडला नाहीस, बसलास, आणि डोकं एका बाजूला करून कानात पाणी गेल्यावर हलवतात तसं हलवायला लागलास. बोट घातलंस तर बोटाला रक्त. मी तिथून चालू लागलो. खरं सांगतो, मागे वळून बघितलं नाही. हात झिणझिणत होता आणि मला बरं वाटत होतं. गाडीपाशी पोचेपर्यंत बरं वाटत होतं.

डॉक्टरने सांगितलं, पडदा फाटलाय. कसं झालं, त्याने तुला विचारलं. तू काय सांगितलंस, हे तू मला सांगितलं नाहीस, सोबत गेलेल्या पठाणाने सांगितलं. मारहाण झाली म्हटलं असतंस तर पोलिसात गेलं असतं, आणि माझा व्हिसा खलास, पुढच्या विमानात मी. तू म्हणालास, "कंप्रेसर का पाइप निकल गया. कान पे लगा. मफी मुश्किल." काही अडचण नाही म्हणे. तेच मालकाला, अर्बाबला सांगितलंस, तेच रूमवर, तेच फोनवर तुझ्या बायकोला, वहिनींना. माझ्यासमोरसुद्धा कधी 'तू मारलंस' म्हणाला नाहीस. मला वाटतं नंतर नंतर तुलाही ते खरं वाटायला लागलं असावं. नक्कल करण्यात तू पटाईत होतास.

दोन महिन्यांत भरून येईल म्हणाले होते. भरलं नाही. कान वाहायला लागला. ऑपरेशन करू म्हणाले, तू म्हणालास रजेवरून आल्यावर. कापूस घालून हिंडायचास. आणि एक गंमत सुरू झाली. एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. डावीकडून हाक मारली की तू उजवीकडे बघायचास. गराजमध्ये सगळ्यांना खेळच मिळाला. एकाने डाव्या बाजूला उभं राहून ओरडायचं, "अंकुश, यल्ला, चल", आणि तू उजवीकडे वळून शोधायचास, आणि मग सगळे हसायचे. तूही हसायचास. सगळ्यात मोठ्याने कोण हसायचं तुला माहीत आहे.

रजा आपण दोघांनी मिळून टाकली होती. पहिल्यांदाच. ऑक्टोबरात नदीचं पाणी निवळतं, थंडी पडायच्या आत तू मला ट्राउट दाखवणार होतास. महिनाभर आधी तू लेथपाशी आलास.

"येतोस न्हवं?"

"रजा नाही मिळाली," मी म्हणालो.

रजा मिळाली होती. तिकीटसुद्धा झालं होतं. पण तीन आठवडे तुझ्या शेजारी काठावर बसायचं, त्या कापसाकडे बघत, आणि माफ कर म्हणायचं नाही, हे मला जमलं नसतं. आणि माफ कर म्हणायचं, तेही जमलं नसतं. दोन शब्द. मी एवढा दांडगा माणूस, दोन शब्दांना भ्यालो. मग उजव्या कानाशी हात नेऊन म्हणालास, "काय म्हनलास?" मी पुन्हा सांगितलं. तुला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं, एवढं मला कळत होतं.

काल तुझी पेटी भरताना तळाशी एक पत्र्याची डबी सापडली, तपकिरीची. झाकणावर कानाच्या पट्टीची चिकटपट्टी लावून तू पेनाने लिहिलंयस: 'कोकण्याचे. काटा ठेवलाय.' आत बारा माश्या. पोर तीन, नवरदेव तीन, मढं एक, अर्धवट पाच. मी एकेकाच्या टोकावर बोट फिरवलं. बाराही गळांचा काटा शाबूत. तू माळकरी माणूस, आयुष्यात एक काटा ठेवला नाहीस, आणि माझ्यासाठी बारा ठेवलेस, मी धरलेला मासा मला खाता यावा म्हणून. शेरी गेल्यानंतर बांधल्यास या, चिकटपट्टीवरून कळतं. मी येत नाही म्हटल्यावर डबी तळाशी सारलीस. मी त्या पाचांतला एक उजव्या मुठीत धरला आणि मूठ आवळली, तो बोटात घुसला. तुझी पद्धत माहीत आहे, पुढे ढकलायचा आणि काटा कापायचा. मी मागे ओढला.

आता जे सांगायचंय ते.

तू गेस्ट हाउसच्या रजिस्टरमध्ये घरचा म्हणून माझा नंबर लिहिला होतास, म्हणून ठाकूरने मला फोन केला. वरून धरणाचं पाणी सोडलं. सोडण्याआधी भोंगा वाजवतात. तू पाण्यात मध्यावर होतास. एवढंच तो म्हणाला, आणि रडायला लागला. मी पुढचं विचारलं नाही. पंधरा दिवस विचारलं नाही. भोंगा तुला ऐकू आला का, एवढा एकच प्रश्न होता, आणि मी तो गिळून फिरत होतो. एका चांगल्या कानाने भोंगा ऐकू येतोच, असं स्वतःला सांगायचो. नदीचा आवाज असतो, वाहता कान असतो, असं दुसऱ्या मिनिटाला.

आज सकाळी वहिनींचा फोन आला. पेटी कधी निघणार विचारायला. मग थांबून म्हणाल्या, "भावजी, त्या कंप्रेसरनं घात केला बघा. त्यो कान धड असता तर भोंगा ऐकू आला असता त्यास्नी. तुम्ही हुता न्हवं तवा तिथं? कसं झालं वो त्ये?"

मी म्हटलं, "पाइप सुटला, वहिनी."

त्या म्हणाल्या, "नशीब. दुसरं काय."

फोन ठेवला आणि ठाकूरला लावला. म्हटलं, ठाकूरजी, एकच सांगा, त्याला भोंगा ऐकू आला होता का?

"सुना था, बाबूजी," ठाकूर म्हणाला. "बिलकुल सुना था. सिर उठाया. मछली हाथ में थी, उसको छोड़ा."

तुला सांगतो अंकुश, त्या क्षणी मी सुटलो. ऐकलं होतंस तू. मी नाही मारलं. मासा सोडत बसलास आणि मेलास, तुझं तू मेलास, तुझ्या त्या भिकार दयेने. मी तुला मनातल्या मनात पुन्हा एक लगावली, आनंदाने.

ठाकूर बोलत होता. "टाइम था बाबूजी. दस-बारह कदम का काम था. मैं पुल से इस किनारे आ गया था, उसको मालूम नहीं था. मैं चिल्लाया, अंकुश, इधर, इधर आओ. उसने सुना. पर देखा दूसरी तरफ़. मुझे ढूँढ रहा था. मैं चिल्लाता रहा, और वो उधर ही चल पड़ा, गहरे में. समझ नहीं आया बाबूजी, मैं तो उसके बाएँ हाथ पर खड़ा था."

मला समजलं. गराजमधल्या कुणालाही समजलं असतं. हसत होतो आम्ही.

मी नदी कधी बघितली नाही. तरी दिसते. तू मध्यावर, पाणी चढतंय, आपल्या माणसाची हाक येतेय, आणि तू उजवीकडे वळून शोधतोयस, हसरं तोंड करून, गराजमध्ये शोधायचास तसं. मी आलो असतो तर काठावर असतो. मी ओरडलो नसतो, पाण्यात शिरून तुला मानगुटीला धरून ओढला असता. हे हात त्याच कामाचे आहेत. आणि ते इथे तुबलीत पिस्टनला पॉलिश मारत होते, रजा मिळाली नाही म्हणून.

माफ कर. झालं, म्हटलं. एवढंच होतं ते.

पण तुझं खोटं मी पुढे चालवणार नाही. तू ते माझ्यासाठी बोललास, ते अर्बाबपाशी, डॉक्टरपाशी राहू दे. वहिनी त्या कंप्रेसरला आयुष्यभर शिव्या देत बसणार, हे मला बघवणार नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत परत फोन लावला. त्यांना वाटलं पेटीचं काही असेल.

"वहिनी, कंप्रेसर नव्हता," मी म्हणालो. "मी मारलं होतं त्याला. एका माशापायी."

मग सगळं सांगितलं. अस्कर, गाबोळी, डॉक्टर, आणि ठाकूर कुठल्या बाजूला उभा होता ते. मागे कोणीतरी भांडी घासत होतं, ते थांबलं. मला वाटलं आता तळतळाट देतील, आणि मला तो हवा होता.

"कुठल्या हातानं?" त्यांनी विचारलं.

"उजव्या."

त्यांनी फोन ठेवला. हे सगळं मी त्याच हाताने लिहिलंय, अंकुश. बोटाला अर्धवट लागलाय, म्हणून अक्षर असं आलंय.